शेरेबुकात न उतरलेलं

सकाळपासून मनात शेरेबुक घोळतंय. परंडा असो वा लोहारा, जिल्हा परिषदेच्या शाळेत अधिकारी येतात, शिक्षकाशी बोलतात, चार ओळींचा शेरा लिहून जातात. शिक्षकाने काय सांगितलं, ते त्यात क्वचितच उतरतं. मग शिक्षकाचा वर्षअखेरचा गोपनीय अहवाल बराचसा आठवणीच्या भरवशावर, आणि आठवण शेवटच्या महिन्याकडे झुकते. शेरा लिहिला, तरी तो माणसाला कळतोच असं नाही. सीमा रस्ते सेवेतले अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ चा ‘चांगला’ हा शेरा कळवलाच गेला नव्हता. बढतीला ‘खूप चांगला’ लागत होता. प्रत्येक शेरा कळवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवलं.

मग शिक्षकाशी झालेलं बोलणंही वहीत का नोंदवू नये? वही उघडली की माणूस आवरून बोलतो, हा आक्षेप खोटा नाही. पण तो लपवलेल्या वहीला जास्त लागू पडतो. बोलणं संपल्यावर दोघांदेखत तारीख, मागणी आणि दिलेला शब्द लिहावा, एक प्रत शिक्षकाकडे राहावी. साहेबांची बदली झाली (ती होणारच), तरी मागणी हरवत नाही. शिक्षकाची घरची अडचण मात्र कागदावर यावी का? बहुधा नाही. पण मग नव्या साहेबांना ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची का, इथे माझं उत्तर अडतं.