काऊचा घास

उष्टावणाला पहिला मान मामाचा. त्यानंतर रात्रीचं जेवण भरवायचं काम माझ्याकडे आलं. आधी बोटाच्या टोकावर मावेल एवढी मऊ खिमट, मग वाटाण्याएवढा घास, मग बोराएवढा. लेकीचं तोंड मोठं होत गेलं तसा माझ्या बोटांचा अंदाजही वाढत गेला, कधी ठरवावं लागलं नाही. वरणभातावर तूप, लिंबू, मीठ सगळीकडे लागेल असं कालवायचं आणि ताटाच्या कडेने घास मांडायचे: हा काऊचा, हा चिऊचा.

आता ती चार वर्षांची झालीये आणि ताट स्वतःकडे ओढते. ‘‘बाबा, तू हात नको लावू.’’

तिचं कालवणं बघत बसावं असं असतं. भाताच्या ढिगात खड्डा करून वरण ओतायचं. ते एका बाजूने फुटून ताटभर पसरलं की तळहाताने बांध घालायचा. घास उचलेपर्यंत निम्मा मनगटावरून कोपराकडे ओघळलेला असतो. तोंडात जातात ती चार शितं. पण ती चार शितं खाताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते मी भरवलेल्या एकाही घासाने आणलं नव्हतं. ऊर भरून येतो. आणि माझ्या रिकाम्या हातांना काय करावं ते सुचत नाही. मलाही आता गरम भात खायला मिळतो, त्याचं सुख वेगळंच. तरी आत काहीतरी दुखतं.

मुलांना आपल्या हाताने करू देण्यावरून आठवतं: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे कुठून आणणार? शिंपले, बिया, खडे त्यांनी मुलांच्या हाती दिले. माँटेसरीच्या साधनांत एक लाकडी चौकट असते. तिला कापडाचे दोन पदर आणि मुलांनी लावायच्या-काढायच्या गुंड्या. मला त्या चौकटीचं मोल फार वाटतं, कारण ती समोर टेबलावर असते, अंगावर नसते. खाली शाळेची व्हॅन हॉर्न देत नसते. घरोघरी मुलांच्या हातातलं काम आपण काढून घेतो ते बहुतेक वेळा घड्याळाकडे बघून. आमच्याकडेही गुंड्या लावायची मुभा फक्त रविवारी होती. हल्ली तिला जरा लवकर उठवतो. खालची गुंडी वरच्या काजात जाते, फ्रॉक एका बाजूने वर चढतो, आणि ती तशीच ऐटीत जिना उतरते. सरळ करायला माझे हात शिवशिवतात. जाऊ देतो. शाळेतल्या बाईही तसंच राहू देतात, याचं मला बरं वाटतं.

मध्यंतरी ताप आला तेव्हा ती पुन्हा मांडीवर येऊन बसली, भरव म्हणाली. मी मऊ भात कालवला, घास केला. तिने तो बघितला आणि म्हणाली, ‘‘एवढुसा नको, मोठा घे.’’ बोटांचं माप मागे राहून गेलं होतं.

आता तिला कोपऱ्यावरच्या वाण्याकडून एकटीने बिस्किटांचा पुडा आणायचाय. मध्ये रस्ता आहे आणि त्या वळणावर रिक्षा वेग कमी करत नाहीत. तिथे मी बधणार नाही. रस्ता ओलांडायचा तो माझा हात धरूनच. दुकानात गेल्यावर मात्र मी पायरीखाली थांबेन. पुडा ती मागेल, पैसे ती देईल, उरलेले परतही तीच मागून घेईल.