वही आणि बोई

दसरा झाला, की साताऱ्यातल्या आमच्या घरात खळीचा वास सुटे. दिवाळीला जेमतेम वीस दिवस उरलेले असत आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या वह्या लक्ष्मीपूजनाच्या आत द्यायच्या असत. वडील माजघरात पाट पालथा घालून बसत. भोवती लांबट रोजकीर्दी, जाडजूड खतावण्या, तांबड्या कापडाचे तागे, मेण लावलेला दोरा. आई स्टोव्हवर मैद्याची खळ ढवळी आणि कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकी. पाने मोजण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. आमच्या घरच्या करंज्या-चकल्या त्या वह्यांच्याच पैशातून तळल्या जात.

वडिलांची इच्छा एकच होती. ते म्हणत, "तू वह्या शिवू नकोस. वह्या तपास."

त्यांची इच्छा मी पुरी केली. मराठी घेऊन एम्. ए. झालो, कॉलेजात लागलो आणि गेली अठरा वर्षे इमानेइतबारे वह्या तपासतो आहे. वडील गेले, तेव्हा त्यांचे दाभण, घडी दाबायची पट्टी आणि लाकडी शिकंजा मी माळ्यावर टाकून दिला. आपला या वस्तूंशी आता संबंध उरला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटले होते.

पण दहा-एक वर्षांमागे पुण्याच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळताना एक पातळसे पुस्तक हाती लागले. गौरी देशपांडे यांचा 'बिट्‌वीन बर्थ्‌स' हा १९६८ सालचा इंग्रजी कवितासंग्रह. मराठी कथा-कादंबरीतल्या गौरीबाई आपल्या परिचयाच्या. त्यांच्या इंग्रजी कविता कलकत्त्याच्या 'रायटर्स वर्कशॉप'ने काढल्या होत्या, हे मला माहीत नव्हते. पण त्या क्षणी मी कविता वाचल्याच नाहीत. मी पुस्तकाची पाठ पाहिली, शिलाई पाहिली, कापडावरून हात फिरवला. कापड हातमागाच्या साडीचे होते! मागाहून याच प्रकाशनाची आणखी काही पुस्तके मिळवली. त्यांच्या आत छापणाऱ्याचे नाव होते आणि बांधणाऱ्याचेही. ते पान मी बराच वेळ उघडे धरून बसलो. माझ्या वडिलांनी जन्मभरात हजारो वह्या शिवल्या असतील. त्यांचे नाव एकीवरही नाही.

त्या रविवारी शिकंजा माळ्यावरून खाली आला.

तेव्हापासून वर्षाला दोन पुस्तके करतो. कधी जावळीकडच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या, कधी माझ्या विद्यार्थ्यांच्या कविता. प्रती साठ. छपाई गावातल्या छापखान्यात होते. माझे काम त्यानंतरचे. कागद पुण्याच्या शिवाजीनगरातल्या हातकागद संस्थेतून आणतो. ही संस्था १९४० सालची. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद. घडी घालताना त्याला बोटाखाली एक प्रकारचा जीव असल्यासारखे वाटते. सोळा-सोळा पानांच्या घड्या करायच्या, त्या रात्रभर शिकंज्यात दाबायच्या, दाभणाने भोके पाडायची, मेणाच्या दोऱ्याने एकेक घडी शेजारणीशी बांधायची, पाठीला खळ द्यायची, पुठ्ठ्यावर खण चढवायचा. एका प्रतीला पाच तास लागतात. ते मी रात्री जेवणानंतर आणि रविवारी काढतो.

आणि ही पुस्तके मी फुकट वाटत आलो!

याचे कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी शंभर रुपये किंमत घातली होती. स्टाफरूममध्ये एक सहकारी मोठ्याने म्हणाले, "काय सर, दुकान काढलंत वाटतं?" सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "छे हो, ही आपल्याला सप्रेम भेट." त्या दिवसापासून भेटच. पुढे एकदा त्याच गृहस्थांच्या टेबलावर माझे ओव्यांचे पुस्तक दिसले. वरच्या खणावर चहाच्या कपाचा गोल डाग होता.

आमच्या घरी हिशेबाची वही सौ. ठेवते. गेल्या वर्षअखेरीस तिने ती माझ्यापुढे ठेवली. खर्चाच्या बाजूला कागद, खण, दोरा, पुठ्ठा, छपाई मिळून १९,२०० रुपये. म्हणजे प्रतीमागे १६०. जमेच्या बाजूला एक आडवी रेघ. ती म्हणाली, "मुलीच्या क्लासची फी भरायची आहे. यंदा एकतर किंमत लावा, नाहीतर हे थांबवा. आणि एक सांगू? तुमच्या पुस्तकांना जेवढा खण लागला, तेवढा मला माझ्या लग्नातदेखील मिळाला नव्हता."

थांबवणे मला जमणार नव्हते आणि किंमत लावण्याचे धैर्य नव्हते. अशा माणसाने काय करावे? मी मे महिन्याच्या सुट्टीत कलकत्त्याचे तिकीट काढले. २००१ पासून त्या शहराचे नाव कोलकाता झाले आहे, पण आमच्या घरच्या तोंडी अजून कलकत्ताच.

पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस. दोन रात्री गाडीत गेल्या. नागपूर ओलांडले, की मराठी पाट्या हळूहळू संपतात आणि माणूस आपोआप मोडक्या हिंदीत बोलू लागतो. हावड्याला पहाटे उतरलो, तेव्हा हुगळीवरून येणारी हवादेखील घामेजलेली होती.

प्रथम गेलो दक्षिणेकडच्या लेक गार्डन्समध्ये. दुकानाची भपकेबाज पाटी शोधणाऱ्याची इथे फसगत व्हायची. ही राहत्या घरांची वस्ती. दारात सायकली, गच्चीवर वाळत घातलेले कपडे. इथल्याच एका घरातून प्राध्यापक पी. लाल यांनी अर्धशतकभर 'रायटर्स वर्कशॉप' चालवले. हा माणूस सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजी शिकवी. १९५८ साली काही तरुण लेखक-मित्रांना घेऊन त्यांनी हे काम सुरू केले आणि २०१० साली मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. आलेली हस्तलिखिते स्वतः वाचायची, लेखकांना स्वतः पत्रे लिहायची, मुद्रिते स्वतः तपासायची, मुखपृष्ठावरची अक्षरे बोरूच्या वळणाच्या पेनाने स्वतः काढायची. खिळे हाताने जुळवलेले, छपाई हाताच्या यंत्रावर, बांधणी हातमागाच्या साडीची. अशी तीन हजारांहून अधिक पुस्तके निघाली. विक्रम सेठ यांचा 'मॅपिंग्ज' हा पहिला कवितासंग्रह १९८० साली इथूनच आला. शिवाय लालांनी स्वतः महाभारत श्लोकामागून श्लोक इंग्रजीत आणायला घेतले होते, ते वेगळेच.

वाचकहो, मी शिक्षक आहे, म्हणून पहिला प्रश्न मनात आला तो असा, की हा माणूस पेपर कधी तपासत असेल?

दुसरा प्रश्न पैशाचा. इथला व्यवहार सरळ होता आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. लेखकाने आपल्या पुस्तकाच्या शंभरेक प्रती स्वतः विकत घ्यायच्या. पैसे घेऊन छापणे ते हेच, असे नाके मुरडणारे म्हणत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. या रीतीने निघालेल्या हजारो पुस्तकांत सामान्य पुस्तकेही असणारच. पण गल्लीत उभा असताना माझ्या ध्यानात आले ते निराळे. लालांनी हा व्यवहार लपवला नाही. कॉलेजचा पगार घर चालवी, म्हणून पुस्तकाला घर चालवावे लागत नसे. पण पुस्तकाने स्वतःचा कागद, स्वतःचे कापड आणि बांधणाऱ्याची मजुरी तरी कमवावी, असा त्यांचा हिशेब असला पाहिजे. एरवी बावन्न वर्षे कुठला छंद टिकतो? त्यांच्यामागे त्यांच्या मुलाने हे काम हाती घेतले. ज्याचा हिशेब जुळतो, तेच काम वारशात देता येते.

दुसऱ्या दिवशी श्रीरामपूर गाठले. नगर जिल्ह्यातले नव्हे. हावड्याहून लोकलने जायचे, हुगळीकाठचे श्रीरामपूर. मराठीच्या प्राध्यापकाने इथे एकदा तरी यावे. मूळचा चांभारकाम करणारा विल्यम केरी इंग्लंडातून १७९३ साली बंगालात आला. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि इंग्रज कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून त्याने १८०० साली इथे छापखाना घातला. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्याला शिकवण्याची नोकरी मिळाली. बंगाली, संस्कृत आणि मागाहून आपली मराठीसुद्धा! कलकत्त्यात वर्ग घ्यायचे आणि नावेतून श्रीरामपूरच्या खिळ्यांत परतायचे, असा त्याचा क्रम. कॉलेजचा पगार मिशनच्या सामायिक तिजोरीत जाई. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने लिहिलेले मराठीचे इंग्रजी व्याकरण देवनागरी खिळ्यांसह १८०५ साली इथे छापले गेले आणि १८१० साली मोडी खिळ्यांनी मराठीचा कोश. १८१२ च्या मार्चात छापखान्याला आग लागली; कागद, हस्तलिखिते, खिळे यांची राख झाली. त्यांनी पुन्हा खिळे ओतले आणि काम चालू केले. धर्मप्रचाराचा त्याचा हेतू आपल्याला पटो न पटो, नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या खांबांच्या कॉलेज-इमारतीपुढे मला माझ्या विषयाचा एक जुना सहकारी भेटल्यासारखे वाटले. स्टाफरूममध्ये त्यालाही कोणी "काय, दुकान काढलंत वाटतं?" असे विचारले असेल काय?

शेवटचा दिवस कॉलेज स्ट्रीटसाठी राखला होता. प्रेसिडेन्सीच्या कठड्याला टेकून पुस्तकांची दुकाने, समोर कॉफी हाउस, आणि मागे बैठकखान्याच्या अरुंद गल्ल्यांत कागदाचा बाजार. डोक्यावर छापील कागदांचे गठ्ठे घेऊन हमाल धावत होते. एका बोळात तोच वास आला. खळ आणि मोरचूद! मी वासाच्या मागे गेलो. एक म्हातारा जमिनीवर बसून घड्या शिवत होता. बंगालीत अशा कारागिराला 'दप्तरी' म्हणतात. आपण दप्तर मुलांच्या पाठीवर देतो. त्यांनी ते बांधणाऱ्याला बहाल केले आहे.

मी पिशवीतून माझे ओव्यांचे पुस्तक काढून त्याच्या हाती दिले. त्याने आधी पाठ पाहिली, मग टाके मोजले, मग मजकुराकडे नजर टाकली. माझे वडील याच क्रमाने पाहत.

"बोई चांगली बांधलीत, मास्टरमोशाय," तो हिंदीत म्हणाला. "कितीला विकता?"

"विकत नाही. देतो."

त्याचा हात थांबला. "वेळ किती लागतो?"

"पाच तास."

"आणि शिकवलं कोणी?"

"वडिलांनी. ते वह्या शिवायचे."

"फुकट शिवायचे?"

"नाही," मी म्हणालो. "आमचं घर त्यावर चालायचं."

"बापाला मजुरी घ्यायची लाज वाटली नाही," म्हातारा पुन्हा टाका घालत म्हणाला, "मग तुम्हाला कसली वाटते?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरेच कळत नव्हते. आणि मला एकदम कळले, की मी इतकी वर्षे ज्याला संकोच म्हणत होतो, तो संकोच नव्हता. मजुरी घेणाऱ्यांतला मी आता नाही, हे मला चारचौघांना दाखवायचे होते. वडिलांचे दाभण हाती घेऊन मी वडिलांनाच परके करीत होतो.

पुस्तकाला बंगालीत 'बोई' म्हणतात. आमची 'वही' कानाला तरी तिची सख्खी बहीण वाटते. साताऱ्यात मी वही आणि पुस्तक यांच्यामध्ये एक उंच भिंत बांधली होती. वही वडिलांची, पुस्तक प्राध्यापकाचे. त्या बोळात ती भिंत कोणाला ठाऊकच नव्हती.

परतीच्या गाडीत हिशेब मांडला. सामान १६० रुपये. आमच्या गल्लीत बांधकामावर येणारा माणूस आठ तासांचे ६०० रुपये घेतो, तासाला ७५. त्या दराने पाच तासांचे ३७५. एकूण ५३५. पंधरा रुपये टपालाच्या कागदाचे आणि सुतळीचे धरून ५५०. वडिलांनी लावला असता तसाच साधा हिशेब.

कॉलेज उघडल्यावर नव्या पुस्तकाची प्रत स्टाफरूममध्ये नेली. तेच सहकारी म्हणाले, "वा! आमची भेट कुठे?"

"यंदा भेट नाही. साडेपाचशे रुपये," मी म्हणालो. आवाज थोडा कापला, हे कबूल करतो.

"फार महाग आहे हो," असे म्हणून त्यांनी पुस्तक खाली ठेवले. दुसरे कोणी हसले नाही. आठ दिवसांनी ते स्वतः आले, पैसे मोजून दिले आणि पुस्तक घेऊन गेले. परवा त्यांच्या टेबलावर दिसले. वर तपकिरी कागदाचे कव्हर घातलेले होते.

साठांपैकी आजवर तेवीस प्रती खपल्या. सगळ्या खपतीलच, असे नाही. पण यंदाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी छापणाऱ्याचे नाव घातले आहे, आणि त्याखाली 'बांधणी' या शब्दापुढे दोन नावे. दुसरे माझे.

लक्ष्मीपूजनासाठी सौ.ने नवी वही मागितली आहे. तांबड्या कापडाची, लांबट, घरी शिवलेली. ती आज रात्री शिकंज्यात ठेवणार आहे.