मागें राहावें कीं पुढें सरावें

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके सायंकाळीं आम्ही नित्याप्रमाणें चंद्रपुरांतील जटपुरा दरवाजाबाहेर फिरावयास निघालों असतां दोन विद्यार्थ्यांनीं आम्हांस वाटेंत गांठलें. दोघेहि महाविद्यालयाच्या फुटबॉल संघांतले. एक डाव्या बाजूचा बॅक, दुसरा गोलकीपर. शेक्सपिअर शिकविणाऱ्या मास्तराकडे फुटबॉलचा तंटा घेऊन कोणी येईल असें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. परंतु तरुणपणीं आम्हीहि तीन वर्षें बॅकच्या जागीं खेळलों होतों, ही गोष्ट कोणीं तरी फोडली होती. तंटा असा : प्रतिपक्षापाशीं चेंडू असतां आपल्या बचावफळीनें आपल्या गोलापुढें दाटी करून राहावें, कीं मध्यरेषेच्या जवळपास पुढें सरून प्रतिपक्षास तेथेंच थोपवावें?

बॅक हा गडचिरोलीकडील एका धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, “सर, डुक्कर बांधीत घुसल्यावर बोंबलून का फायदा? धुऱ्यावरच अडवा लागते.” भाताच्या खाचरास तिकडे बांधी म्हणतात आणि तिच्या कडेच्या बांधास धुरा, राखणीच्या रात्रीं ज्यानें रानडुकरांचा कळप पिकांत शिरतांना ऐकला आहे, त्याला ही उपमा पुस्तकांत शोधावी लागत नाहीं. गोलकीपर शहरांतला, कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्याचा मुलगा, पण उत्तर त्यानें त्याच उपमेंत दिलें : “अन् चौघंही धुऱ्यावर गेले तं मचाणावर मी एकटाच ना!”

दोघांचेंहि म्हणणें आम्हांस पटलें, आणि निवाडा करणाराची याहून अडचणीची अवस्था दुसरी नसते. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मुदत मागण्यास दुसरेंहि एक कारण होतें. तें पुढें येईल.

ज्या वाचकांची या खेळाशीं ओळख घरांतील मुलांच्या फुटलेल्या गुडघ्यांपुरतीच असेल, त्यांच्यासाठीं ऑफसाइडचा नियम थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. चेंडू पुढें दिला जातो त्या क्षणीं, तो ज्यास मिळावयाचा तो गडी प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानांत असून, चेंडूच्याहि पुढें व प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याहि पुढें गेलेला असेल, तर तो ऑफसाइड ठरतो व त्याची सारी धांव फुकट जाते. शेवटचा गडी बहुधा गोलकीपरच असल्यामुळें व्यवहारांत सारा प्रश्न सर्वांत मागच्या बॅकचा. आतां यांतील गंमत पाहा. बचाव करणारे जेथें उभे राहतील तेथें ही सीमा उभी राहते. ते दहा पावलें पुढें सरले कीं सीमाहि दहा पावलें पुढें सरते. आपलें कुंपण आपल्याच पायांनीं पुढें नेण्याची सोय दुसऱ्या एखाद्या खेळांत असेल, तर ती आमच्या ऐकिवांत नाहीं.

१९२५ पूर्वीं शेवटच्या दोहोंऐवजीं तीन गड्यांचा हिशेब होता. तेव्हां एक बॅक पुढें सरे, दुसरा मागें राही आणि तरीहि प्रतिपक्ष सांपळ्यांत सांपडे. त्या सालीं नियम बदलला, गोल भराभर होऊं लागले, आणि लंडनच्या आर्सेनल संघाच्या हर्बर्ट चॅपमन यानें मधल्या गड्यास ओढून दोन बॅकांच्या मध्यें नेऊन बसविलें. मागें राहणें हें शास्त्र झालें तें तेव्हांपासून. पुढें १९९० सालीं बरोबरीच्या रेषेंत असणारा गडी ऑफसाइड नव्हे असें ठरलें, त्यामुळें पुढें सरणारांचा धोका वाढला. तर १९९२ सालीं आपल्याच गड्यानें बुद्ध्या पायानें मागें दिलेला चेंडू गोलकीपरनें हातीं घ्यावयाचा नाहीं असें ठरलें, त्यामुळें मागें राहणारांचा एक जुना आसरा गेला.

दोन्ही पंथांचे मोठे आचार्य होऊन गेले आहेत. मिलानच्या इंटर संघानें हेलेनिओ हेरेरा याच्या शिकवणीनें मागें दारें लावून घेऊन १९६४ व १९६५ अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपचा चषक जिंकला. आणि १९६७ सालीं लिस्बन येथें आरंभींच एक गोल करून, तो सांभाळीत मागें बसला असतां, स्कॉटलंडच्या सेल्टिक संघाकडून २-१ असा हरला. त्याच मिलान शहरांतील दुसऱ्या संघानें आरिगो साकी याच्या हाताखालीं उलट मार्गानें, म्हणजे सारी फळी पुढें नेऊन, १९८९ व १९९० सालीं तोच चषक मिळविला. २२ नोव्हेंबर २०२२ रोजीं कतार येथें सौदी अरेबियाच्या गड्यांनीं अर्जेंटिनासारख्या संघापुढें आपली फळी अशी कांहीं पुढें नेऊन ठेवली कीं, पहिल्या अर्ध्यांत अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले आणि सामना सौदींनीं २-१ असा जिंकला. हाच खेळ बार्सिलोनानें ऑक्टोबर २०२४ मध्यें माद्रिद येथें केला; रेआल माद्रिद बारा वेळां ऑफसाइड सांपडला आणि ४-० असा हरला. पण सहा महिने लोटल्यावर इंटरपुढें तीच पुढें सरलेली फळी फाटली, आणि दोन सामने मिळून ७-६ असा निकाल बार्सिलोनाच्या विरुद्ध गेला. तात्पर्य, आचार्यांकडे गेलें असतां दोन्ही मतांस आधार सांपडतो. आमच्या प्राध्यापकवर्गास हा अनुभव नवा नाहीं.

आमच्या फिरण्याची वाट गोंड राजांच्या कोटाच्या कडेनें जाते. मे १८१८ मध्यें कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेनें या कोटापुढें तोफा मांडल्या, भिंतीस खिंडार पाडलें आणि शहर घेतलें. भिंत कच्ची होती असें नव्हे. ती बहुतेक आजहि उभी आहे. पण कोटाच्या आंत बसणारा शत्रूस एक वस्तु फुकट देतो, ती म्हणजे सवड. तोफ कोठें मांडावी, केव्हां डागावी, नेम चुकला तर पुन्हा कसा धरावा, हें सारें तो स्वस्थपणें ठरवूं शकतो. मागें दाटी करून राहिलेल्या बचावफळीचेंहि असेंच होतें. गोलापासून वीसपंचवीस यार्डांवर प्रतिपक्षाचा गडी मान वर करून, कोणाकडे चेंडू द्यावा याचा विचार करीत उभा असतो. परतवून लावलेला प्रत्येक चेंडू पुन्हा त्याच्याच पायांशीं येतो. आणि इतक्या गर्दींत एखाद्याच्या हातास चेंडू लागला तर पेनल्टी ठरलेली.

या विचारानें घरीं पोंचेपर्यंत आम्ही पुढें सरण्याच्या पक्षाचे झालों होतों. परंतु जेवतांना आठवलें कीं, त्यानंतर चाळीस वर्षांनीं, १८५८ सालीं, याच जिल्ह्यांतील बाबुराव शेडमाके यांनीं कोटाचा आश्रय न घेतां रानांतून इंग्रजांवर चाल केली, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत त्यांस फांशी झाली. तेव्हां इतिहासाच्या साक्षीवरूनहि निकाल लागेना.

मग आम्हीं इतिहास बाजूस ठेवून आमच्या मैदानाकडे पाहिलें, आणि हें आधींच करावयास पाहिजे होतें. मिलान किंवा माद्रिद येथील हिरवळ रोज पाणी घालून जोपासलेली असते. आमचें मैदान मुरमाचें. दिवाळीनंतर तें असें टणक होतें कीं, बचावफळीच्या डोक्यावरून मारलेला चेंडू एकदां टप्पा घेऊन पुरुषभर उडतो व थांबण्याचें नांव घेत नाहीं. अशा वेळीं पुढें सरलेल्या बॅकांनीं वळून कितीहि धांव घेतली तरी चेंडू त्यांस सांपडत नाहीं. उलट श्रावणांत त्याच मैदानावर चिखल असतो. डोक्यावरून मारलेला चेंडू पडतो तेथेंच रुततो, आणि मागें फिरून तो काढावयास बॅकास हवा तेवढा वेळ मिळतो. म्हणजे एकाच संघानें श्रावणांत पुढें सरावें व माघांत दहा पावलें मागें राहावें! युरोपांतील खेळाच्या पुस्तकांत हा ऋतुभेद कोठून असणार? शिवाय उन्हाचें मान वेगळेंच. फळी पुढें नेणें म्हणजे एकदांच जाऊन उभें राहणें नव्हे. चेंडू जसा हलेल तसें चौघांनीं पुढें व मागें सारखें जावें यावें लागतें. चंद्रपूरच्या मार्चअखेरच्या दुपारीं हें तासभर करून पाहावें, म्हणजे दारें लावून बसणाऱ्यांविषयींचा तुच्छभाव पुष्कळ कमी होतो.

याहून मोठी अडचण लाइन्समनची. कतारांत ऑफसाइडचा निर्णय छपरास टांगलेल्या कॅमेऱ्यांच्या साह्यानें होत होता. आमच्या रानांतल्या गांवीं रेषेवर निशाण घेऊन जो उभा राहतो, तो पुष्कळदां यजमानांपैकींच कोणी तरी उत्साही गृहस्थ असतो, आणि गोलाची वेळ आली कीं तो निशाण विसरून टाळ्या वाजवितो. फळी पुढें नेणारानें आपली सारी मत्ता अशा परक्याच्या डोळ्यांवर लावलेली असते.

आणि आतां तें दुसरें कारण. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं वैनगंगेपलीकडील एका गांवीं आम्ही सामना खेळत होतों. शेवटचीं दहा मिनिटें, एकास एक गोल. त्या दिवशीं लाइन्समन मात्र जाणता व नेकीचा होता. प्रतिपक्षाच्या गड्याजवळ चेंडू आला, आमच्या मधल्या बॅकानें “बाहेर!” अशी हांक दिली आणि तिघे पुढें सरले. आम्ही सरलों नाहीं. आमच्या बाजूचा तो काटकुळा, वाऱ्यासारखा धांवणारा मुलगा डोळ्यांपुढें दिसत होता. त्याला पाठीमागें मोकळें मैदान द्यावयाचें या विचारानें पाय जागच्या जागीं राहिले. दोन पावलांचेंच अंतर. तेवढ्यानें त्यांचे तीन गडी ऑफसाइडमधून सुटले, निशाण खालीं राहिलें तें न्यायानेंच राहिलें, आणि चेंडू आमच्या गोलांत गेला. आमचा गोलकीपर पुढें धांवून आला होता, त्याच्या बाजूनें चेंडू निघून गेला. म्हणून सर्वांनीं त्यालाच धारेवर धरलें, जागा सोडून बाहेर आलासच कां म्हणून. पुढच्या सामन्यास त्याला घेतलें नाहीं. आम्ही कांहीं बोललों नाहीं. या लेखांत आरंभापासून ‘आम्ही’ ‘आम्ही’ म्हणत आलों आहों. हें अनेकवचन मोठें सोयीचें आहे, परंतु त्या दोन पावलांच्या वेळीं तेथें दुसरें कोणी नव्हतें.

हा गोलकीपर पुढें तिकडेच प्राथमिक शाळेंत शिक्षक झाला. चारएक वर्षांपूर्वीं एका लग्नांत पंगतीला शेजारीं बसण्याचा योग आला, तेव्हां आम्हीं ती गोष्ट त्याच्यापाशीं कबूल केली. तो जेवतां जेवतां म्हणाला, “मले तवाच माहीत होतं. गोलातून चौघांच्याही टाचा दिसतात ना!” तीस वर्षांत त्यानें हें कोणास सांगितलें नव्हतें. मग त्यानें वाढप्यास हांक मारून आमच्या पानांत आणखी भाजी वाढावयास सांगितली.

आठ दिवसांनीं दोघे विद्यार्थी आले, तेव्हां आम्हीं आमचें मत दिलें. पुढें सरावें, असेंच आमचें मत आहे. कारण मागें बसून प्रतिपक्षास सवड देणें हें आमच्या स्वभावास कितीहि मानवत असलें, तरी त्याची किंमत अखेरच्या घटकेस द्यावी लागते. पण ज्याच्यापाशीं चेंडू आहे तो मोकळा उभा राहून मान वर करून पाहत असेल, त्या क्षणीं सरूं नये. आपला गडी त्याच्या अंगावर गेला असेल, किंवा चेंडू त्यांच्याच मागच्या बाजूस फिरला असेल, तेव्हां सरावें. मैदान वाळलेलें असेल तर रेषा दहा पावलें मागें धरावी. शेवटच्या पंधरा मिनिटांत दम उरला नसेल तर खुशाल मागें जावें, मात्र चौघांनीं मिळून जावें. तिघे पुढें व एक मागें हें कोणत्याहि ऋतूंत नको. आणि “बाहेर!” ही हांक मधल्या बॅकानें न देतां गोलकीपरनें द्यावी. हें शेवटचें कलम ऐकून बॅक जरा नाराज दिसला. कारण त्यानें विचारलें नाहीं, आम्हींहि सांगितलें नाहीं.

पुढील रविवारीं सामना होता; आम्ही पाहावयास गेलों. प्रतिपक्ष चार वेळां ऑफसाइड सांपडला, पांचव्या वेळीं निसटला आणि गोल झाला; अखेर सामना बरोबरींत सुटला. परतीच्या वाटेवर दोघे आमच्या दोहों बाजूंनीं चालत भांडत होते; हांक उशिरां आली कीं पाय उशिरां निघाले, हा वाद. जटपुरा दरवाजापाशीं आम्हीं त्यांचा निरोप घेतला, तेव्हांहि तो चालूच होता.