अज्ञात अग्नीचा समुद्र

जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला समुद्राचा एक चिंचोळा तुकडा आहे. पलीकडे आमाकुसाची बेटे आडवी पडल्यामुळे बाहेरच्या महासागराच्या लाटा आत फारशा येत नाहीत. पाणी कसे तळ्यासारखे निवांत! नकाशावर त्याचे नाव यात्सुशिरो समुद्र असे असले, तरी किनाऱ्यावरची माणसे त्याला 'शिरानुई' म्हणतात. शिरानुई म्हणजे अज्ञात अग्नी. फार पूर्वी एका सम्राटाची नौका रात्री या पाण्यात वाट चुकली आणि दूरवर दिसणाऱ्या अनोळखी दिव्यांनी तिला किनारा दाखवला, अशी कथा आहे. होड्यांवरच्या दिव्यांचे किरण थंड-उष्ण हवेच्या थरांतून वाकतात आणि एका दिव्याचे अनेक दिवे भासतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. दोन्ही खुलासे आपापल्या जागी गोडच आहेत.

या समुद्राच्या काठी मिनामाता नावाचे लहानसे शहर आहे. २००४ सालापासून वेगवान शिनकान्सेन गाडी येथे थांबते आणि कुमामोटोहून अर्ध्या तासाच्या आत प्रवाशाला आणून सोडते. तीन बाजूंना डोंगर, मधून वाहणारी मिनामाता नदी, उतारांवर संत्र्यांच्या बागा आणि चहाचे मळे. गरम पाण्याची कुंडेही दोन ठिकाणी आहेत, युनोको समुद्राकाठी आणि युनोत्सुरु डोंगरात. टॉलस्टॉयला भेटायला १९०६ साली थेट रशियात जाऊन पोचलेला कादंबरीकार तोकुतोमी रोका याचा जन्म १८६८ साली इथलाच. एवढ्यावरच थांबता आले असते, तर मिनामाता हे एक रम्य, आडबाजूचे गाव म्हणून राहिले असते आणि त्याचे नाव आपल्या कानांवर कधी पडलेही नसते.

परंतु १९०८ साली येथे एक कारखाना आला. नोगुची शितागाऊ या उद्योजकाने जवळच्या सोगी येथील जलप्रपातावर वीज निर्माण केली होती. ती वापरून मिनामाताला कार्बाइड आणि पुढे खते तयार होऊ लागली. हीच कंपनी नंतर 'चिस्सो' या नावाने प्रसिद्धीस आली. चिस्सो म्हणजे नायट्रोजन. मासेमारीवर आणि मिठागरांवर पोट भरणाऱ्या गावाला कारखाना म्हणजे साक्षात अन्नदाता वाटला. नोकऱ्या आल्या, दुकाने आली, वस्ती वाढली आणि १९४९ साली गावाला शहराचा दर्जा मिळाला. कारखान्याचा भोंगा हेच गावाचे घड्याळ झाले म्हणा ना!

१९३२ पासून या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होऊ लागले. त्याच्या प्रक्रियेत पाऱ्याचा क्षार वापरीत. या क्रियेत थोड्याशा पाऱ्याचे रूपांतर मिथाइल पारा या जहाल विषात होई आणि ते सांडपाण्याबरोबर ह्याक्केन येथील नाल्यातून उपसागरात जाई. पाण्यात त्याचे प्रमाण अगदी अल्प. पण सूक्ष्म जीवांना लहान मासे खातात, लहानांना मोठे खातात, आणि पायरीपायरीने विष साचत जाते. शेवटच्या पायरीवर मांजर असते, आणि माणूस असतो. ज्या निवांतपणासाठी या पाण्याचे कौतुक करायचे, तोच इथे वैरी ठरला. आत आलेले विष सहजी बाहेर जाईना.

१९५० नंतर कोळ्यांच्या वस्त्यांतून चमत्कारिक गोष्टी ऐकू येऊ लागल्या. मांजरे नाचल्यासारखी गरगर फिरत आणि समुद्रात पडून मरत. पक्षी उडता उडता खाली कोसळत. मग माणसांचे हातपाय बधिर होऊ लागले, सदऱ्याची गुंडी लावता येईना, जीभ अडखळू लागली, नजरेचा पट्टा आक्रसत गेला. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी आरोग्य कार्यालयाला कळवले, की मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग पसरत आहे. लोकांना तो संसर्गजन्य वाटला. शेजारी दार लावून घेऊ लागले, दुकानदार रोग्याच्या घरच्या माणसाच्या हातातून पैसे घ्यायला कचरू लागले.

जुलै १९५९ मध्ये कुमामोटो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी डॉ. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले. प्रयोगातले हे चारशेवे मांजर. ऑक्टोबरात त्याला तोच रोग झाला. म्हणजे उत्तर कारखान्याच्या आवारातच मिळाले होते. पण कंपनीने ते दडपले. डिसेंबरात गरीब, गांजलेल्या कुटुंबांशी तिने करार केला. मृत्यूबद्दल तीन लाख येन 'सहानुभूती' म्हणून घ्यायचे, आणि पुढे कारखाना दोषी ठरला तरी अधिक काही मागायचे नाही! सांडपाणी शुद्ध करणारे यंत्रही मोठ्या समारंभाने बसले. मात्र पारा काढण्याची शक्ती त्यात नव्हती.

आणि गाव? गाव कारखान्याच्या बाजूने उभे राहिले. सांडपाणी बंद करू नका, असे आर्जव घेऊन खुद्द नगराध्यक्ष आणि व्यापारी मंडळी गव्हर्नरकडे गेली. त्यांना सरसकट दुष्ट म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या चुलीवरचा भात कारखान्याच्या पगारातून शिजतो, त्याला त्या कारखान्याचा दोष दिसणे किती अवघड असते, हे आपणा नोकरदारांना कोणी समजावून सांगायला हवे काय? त्यातूनही, ऑगस्ट १९६८ मध्ये कारखान्यातल्या एका कामगार संघटनेने ठराव केला, की आपण या रोग्यांसाठी लढलो नाही याची आपल्याला लाज वाटते. असा ठराव करायला छाती लागते.

सर्वांत करुण कथा लेकरांची. आईची वार गर्भाचे विषापासून रक्षण करते, असा वैद्यकशास्त्राचा तोवर विश्वास होता. मिनामाताला आया वरकरणी धडधाकट आणि मुले जन्मतः पंगू, असे दिसू लागले. १९६२ साली हा जन्मजात विकार मान्य झाला. पुढे डॉ. हारादा मासाझुमी यांनी त्याचा पुरावा शोधला तोही असा, की वाचून गलबलून यावे. जपानी घरांत मुलाची वाळलेली नाळ छोट्या डबीत जपून ठेवण्याची चाल आहे. आपण नाळ पुरतो आणि जन्मभर त्या भूमीचे होऊन राहतो. ते ती घरात जपतात. त्या नाळांच्या तपासणीत मिथाइल पारा सापडला. मायेने जपलेली वस्तू साक्षीला उभी राहिली!

सरकारने कारणाची अधिकृत कबुली दिली ती २६ सप्टेंबर १९६८ रोजी, म्हणजे ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन बंद झाल्यावर चार महिन्यांनी. तोवर १९६५ मध्ये निइगाता प्रांतात, दुसऱ्याच एका कारखान्यामुळे, हाच रोग उद्भवला होता. मिनामाताची गृहिणी-लेखिका इशिमुरे मिचिको हिने १९६९ साली 'कुगाई जोदो' हे पुस्तक लिहून कोळ्यांची वेदना देशाच्या दाराशी नेली. डॉ. होसोकावांनी १९७० मध्ये रुग्णशय्येवरून त्या मांजराची साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते वारले. १९७३ साली न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले. सरकारही जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २००४ साल उजाडले.

आज उपसागर पाहिला तर विश्वास बसत नाही. १९७७ ते १९९० या काळात तळाचा विषारी गाळ उपसून, सुमारे ५८ हेक्टर भाग बुजवून, त्यावर बाग केली आहे. खर्च सुमारे साडेअठ्ठेचाळीस अब्ज येन. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी १९९७ मध्ये निघाली. बागेच्या काठाला, समुद्राकडे तोंड करून, हातांनी कोरलेल्या लहान लहान दगडी मूर्ती बसल्या आहेत. त्यांच्या पायांखाली गाळ आहे, आणि गाळात पारा आहेच. कारखानाही नव्या नावाने चालू आहे. वस्ती मात्र १९५६ च्या सुमारास पन्नास हजार होती, ती निम्म्याहून कमी झाली आहे.

१९९३ पासून हे शहर घरातला कचरा वीसएक प्रकारांत वेगळा करते. ठरलेल्या दिवशी गल्लीतली माणसे एकत्र येऊन बाटल्या, डबे, कागद निवडतात. ज्या गल्लीत एकेकाळी एकमेकांची दारे बंद झाली होती, तिथे कचऱ्याच्या निमित्ताने का होईना, बोलणे सुरू झाले. १९९४ च्या स्मृतिदिनी नगराध्यक्ष योशिई मासाझुमी यांनी रोग्यांची क्षमा मागितली आणि 'मोयाई नाओशी' हा शब्द रूढ झाला. 'मोयाई' म्हणजे होड्या एकमेकींना दोराने बांधणे; सुटलेला दोर पुन्हा बांधायचा, असा त्याचा भाव.

दोर अजून पुरता बांधला गेलेला नाही. अधिकृत रोगी म्हणून मान्यता मिळाली ती सव्वादोन हजारांहून थोड्याच अधिक लोकांना; उरलेल्यांचे दावे न्यायालयांत चालत आले आहेत. २०२३ साली ओसाकाच्या न्यायालयाने १२८ वादींना रोगी मानले. १ मे २०२४ रोजी, स्मृतिदिनी, रोग्यांचे प्रतिनिधी पर्यावरण मंत्र्यांपुढे बोलत होते. प्रत्येकाला तीन मिनिटे. एक वृद्ध आपल्या निवर्तलेल्या पत्नीविषयी सांगत असता वेळ संपली आणि अधिकाऱ्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला. देशभर संताप उसळला. आठवड्याने मंत्र्यांना पुन्हा मिनामाताला येऊन क्षमा मागावी लागली. अडुसष्ट वर्षांच्या दुःखाला तीन मिनिटे!

पाऱ्याचा वापर आवरणारा जागतिक करार २०१३ साली कुमामोटोत झाला, त्याला 'मिनामाता करार' असेच नाव आहे. तो २०१७ मध्ये अमलात आला आणि २०१८ साली भारतानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. हद्दपार करायच्या वस्तूंच्या त्याच्या यादीत पाऱ्याचे थर्मामीटरही आहेत. आपल्या घरात मुलांचा ताप पाहणारी ती काचेची नळी एखाद्या कपाटात अजून असेल. ती फुटली, की चांदीचे टपोरे थेंब फरशीवर पळतात आणि मुले हरखून त्यांच्यामागे बोट लावतात. त्या वेळी मुलांना मागे ओढावे, आणि मग जवळ बसवून शिरानुईच्या काठच्या या गावाची गोष्ट सांगावी.