अमानत

स्वतंत्र घानाचे पहिले अर्थमंत्री कोमला ग्बेडेमा यांचे नाव निघाले की संत्र्याच्या रसाची गोष्ट हटकून निघते. ऑक्टोबर १९५७मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, तुम्ही काळे, इथे बसून रस पिता येणार नाही, असे त्यांना सुनावण्यात आले. बोभाटा झाला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना न्याहारीला बोलावले.

गोष्ट चांगलीच आहे. मला मात्र त्यांचे आधीचे एक काम मोठे वाटते. १९५०मध्ये इंग्रजांनी एन्क्रुमांना तुरुंगात टाकले. मागे पक्ष ग्बेडेमांनी सांभाळला, वाढवला. फेब्रुवारी १९५१ची निवडणूक एन्क्रुमांनी तुरुंगातूनच जिंकली. ते सुटून आले तेव्हा ग्बेडेमांनी पक्ष त्यांच्या हाती जसाच्या तसा ठेवला. अमानत होती, ज्याची त्याला दिली. राजकारणात असे किती जण करतात?

१९६१मध्ये त्याच एन्क्रुमांनी त्यांना मंत्रिमंडळातून बाहेर काढले. तरी विशेष न्यायालयांच्या विधेयकाविरुद्ध ग्बेडेमा संसदेत उभे राहून बोलले. मग जीव वाचवायला परदेशी गेले. या वेळी कुणी न्याहारीला बोलावल्याचे ऐकिवात नाही. १९६६मध्ये लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथवली आणि ग्बेडेमा घरी परतले. एन्क्रुमांना मात्र जिवंतपणी मायभूमी पुन्हा दिसली नाही.