कॅमेऱ्याला न दिसलेलं

पुणे

चि. चिऊस,


मिल्टन कॅनिफची वर्तमानपत्रातली चित्रपट्टी ‘टेरी अँड द पायरेट्स’ पुस्तकरूपात सहज मिळत असताना मूळ पानं बघायला कशाला जायचं, हा तुझा प्रश्न रास्त आहे. तरी जाच. तू तर कोलंबसमध्येच राहतेस. तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठात कॅनिफ शिकला आणि 1977 साली त्याच्याच संग्रहावर आजच्या बिली आयर्लंड कार्टून लायब्ररीची सुरुवात झाली.

इंद्रजाल कॉमिक्समधला आमचा वेताळही मुळात अमेरिकी वर्तमानपत्रांतलाच. पण तिथल्या चित्रपट्टीचं मूळ पान वाचकासाठी काढलेलंच नसे. ते छपाईचा ठसा बनवणाऱ्या ब्लॉकमेकरच्या कॅमेऱ्यासाठी असे. त्या कॅमेऱ्याला काळं आणि पांढरं एवढंच कळायचं. फिकट निळा रंग त्याला दिसत नसे, म्हणून ठिपक्यांची करडी छटा कुठे भरायची याच्या खुणा निळ्या रंगात करत. चुकलेल्या रेघेवर पांढरा रंग चढवला की कॅमेऱ्याच्या लेखी ती रेघ नाहीशी. मूळ पानावर मात्र हे सगळं तुला दिसेल. पट्टी जवळपास दोन फूट लांब असते आणि छापताना लहान होते, त्यामुळे ब्रश कुठे दाबला, कुठे उचलला, हेही मूळ पानावरच नीट कळतं.

कॅनिफचा काळा रंग मुद्दाम बघ. ‘टेरी’ ऑक्टोबर 1934 मध्ये सुरू झाली तेव्हा त्याची रेघ बारीक, जपून काढलेली होती. त्याचा मित्र नोएल सिकल्स ‘स्कॉर्ची स्मिथ’ काढायचा आणि दोघं एकाच स्टुडिओत बसायचे. प्रत्येक सुरकुती रेखण्याऐवजी फक्त सावली काळी भरायची, बाकीचं वाचणाऱ्याचा डोळा पुरं करतो, ही सिकल्सची रीत कॅनिफने उचलली. रोज एक पट्टी आणि वर रविवारचं रंगीत पान देणाऱ्याचा वेळही या रीतीमुळे वाचत होता. शैली अशी अडचणीतूनही घडते.

आता खरी गोष्ट. टेरी, पॅट रायन, ड्रॅगन लेडी ही पात्रं कॅनिफच्या मालकीची नव्हती, वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या सिंडिकेटची होती. म्हणून 1946 च्या अखेरीस त्याने ती सोडली आणि 1947 च्या जानेवारीत स्वतःच्या हक्काची ‘स्टीव्ह कॅनियन’ सुरू केली. ‘टेरी’ पुढे जॉर्ज वंडरने 1973 पर्यंत चालवली. पात्रं तीच, नावं तीच. शक्य झालं तर दोघांची पानं शेजारी ठेवून बघ. सिंडिकेटला कागदावर काय विकत घेता आलं आणि काय नाही, ते कुणी समजावून सांगायला लागणार नाही.

तू टॅबलेटवर काढतेस, त्याला माझी ना नाही. पण तिथे पुसलेली रेघ खरोखरच जाते. कॅनिफने आधी काय काढलं होतं, ते पांढऱ्या रंगाखालून अजून डोकावतं. शिकणाऱ्याला तयार चित्राइतकंच हे खोडलेलंही उपयोगी, कारण चित्रकाराने काय नाकारलं ते त्यातून कळतं. तेव्हा वही घेऊन जा आणि त्याने नाकारलेल्या रेघा उतरवून आण.

तुझा,
काका