पितळेचा ताण

आपल्या जुन्या मराठी घरांतून पितळ नांदले ते घरच्या माणसासारखे. देवघरातील समई, माजघरातील डबे, न्हाणीघरातील घंगाळ, पंगतीसाठी राखून ठेवलेली ताटे, अशी त्याची ठिकठिकाणी वस्ती असे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या ग्वाल्हेरच्या लष्करात आमच्या घराण्याचा संसार मांडला गेला, तो याच धातूच्या संगतीने. चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाच्या सालीने भांडी घासावी, राखेने उजळावी, कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, ठेवल्यास तो कळकतो, एवढे धातुशास्त्र घरातील प्रत्येक स्त्रीस अवगत असे. पितळेच्या पोटात याहून काही दडलेले असेल, अशी शंका आम्हां उभयतांस उतारवयापर्यंत आली नव्हती.

ती आली अमेरिकेत. कन्येकडे पेनसिल्व्हेनियात काही महिने राहण्याचा योग आला, तेव्हा जावईबापूंच्या गॅरेजमध्ये आम्ही पितळ निराळ्या रूपात पाहिले. ते नेमबाजीचे शौकीन आहेत, आणि तिकडील अनेक हौशी नेमबाजांप्रमाणे वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून काडतुसे तयार करता येत नाहीत, त्यामुळे हा छंद आम्हांस सर्वस्वी नवा होता. खरे सांगायचे तर घरात बंदूक असणे आम्हांस फारसे रुचलेही नव्हते. आमच्या घरातील तलवार वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हळदकुंकू लावून घेण्यापुरती बाहेर येते.

काडतुसाचे घटक चार: ठिणगी देणारी टोपी, दारू, गोळी आणि या सर्वांस धारण करणारी पितळी पुंगळी. बार उडाला की पहिले तीन खर्ची पडतात; पुंगळी उरते, आणि नीट निगा राखल्यास अनेकदा वापरता येते. तिचे पितळ म्हणजे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त. निगेची पहिली पायरी स्वच्छतेची. अक्रोडाच्या कवचाचा भुगा किंवा मक्याच्या कणसाचा, दाणे काढल्यावर उरलेल्या भागाचा, भरडा एका थरथरणाऱ्या भांड्यात घालून त्यात पुंगळ्या काही तास घोळवतात. दुसरी रीत ओली: पाणी, साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि पोलादाच्या बारीक काड्या फिरत्या पिंपात घालायच्या. ते पाहून घरातून विचारणा झाली, “अहो, मग चिंच का नाही वापरत?” जावईबापू हसून म्हणाले, “आई, तुमची चिंच आणि माझे आम्ल एकाच कुळातले. पण त्यात फार वेळ ठेवले तर जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी पडते.” घोळवताना उडणाऱ्या धुळीत टोपीतील शिशाचा अंश असतो, म्हणून त्या वेळी नातीस तेथे फिरकू देत नसत, आणि या कामाचे एकही भांडे स्वयंपाकघरात जात नसे.

पुंगळ्या घासण्याचा हेतू केवळ झळाळी असावा, असे आम्हांस वाटले होते. प्रत्यक्षात काजळी व वाळूचा कण राहिला तर पुढच्या पायरीस पोलादी साच्यावर ओरखडा उठतो. बार उडताना पुंगळी फुगून बंदुकीच्या भिंतीस चिकटते. तिला पूर्वीच्या मापावर आणण्यासाठी त्या साच्यात दाबावे लागते. कोरडी दाबली तर ती आत अडकून बसते. म्हणून वंगण. पण वंगणाचाही तोल असतो. ते कमी पडले तर पुंगळी अडकते. जास्त झाले तर तेल कोंडून पुंगळीच्या खांद्यावर पोचे पडतात. काम संपताच ते पुसून टाकावे लागते, कारण तेलाचा अंश टोपीस व दारूस निकामी करू शकतो.

काडतूस आणि वंगण हे शब्द एकत्र ऐकले की ग्वाल्हेरच्या माणसास १८५७ आठवल्याशिवाय राहत नाही. एन्फील्ड बंदुकीचे काडतूस कागदाचे होते, पितळी पुंगळीचे युग त्यानंतरचे. त्या कागदावरील चरबी गाईची व डुकराची असल्याचा बोभाटा झाला, आणि ते दातांनी फाडण्याची वेळ शिपायांवर येत होती. पुढच्याच वर्षी त्या वणव्याची शेवटची मोठी ज्वाळा आमच्याच गावी, राणी लक्ष्मीबाईंच्या चितेत, दिसली. जावईबापूंच्या बाटलीत काय आहे, हे आम्ही म्हणूनच मुद्दाम विचारले. ते होते लॅनोलिन, मेंढीच्या लोकरीतून निघणारे मेण, अल्कोहोलमध्ये विरघळवलेले.

मात्र आम्हांस खरा विचार करावयास लावले ते तपासणीने. लखलखीत झालेली प्रत्येक पुंगळी ते उजेडात धरून फिरवीत. मग टोक वाकवलेली एक बारीक तार आत घालून बुडाजवळची भिंत चाचपीत. तेथे तारेस खाच लागली, तर धातू आतून पातळ झाला असे समजावे. बाहेरून कदाचित एक फिकट वलय दिसते, कदाचित काहीच नाही. अशा पुंगळीचे तोंड ते पकडीने चेपून टाकीत, म्हणजे ती चुकूनही पुन्हा भरली जाऊ नये.

अमोनिया असलेले पॉलिश मात्र ते पितळेस लावीत नसत. कारण विचारले तेव्हा त्यांनी जी हकिगत सांगितली ती थेट आपल्या देशातील निघाली. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांतून साठवून ठेवलेली असत, आणि कोणी हात न लावताही त्यांना तडे जात. पावसाळ्याशी असलेल्या या संबंधावरून त्या दोषास ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. पितळ थंड स्थितीत दाबून-ओढून घडवले की घडणीचा ताण त्याच्या अंगी राहतो. घोड्यांच्या मूत्रातून उठणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या धातूस कणाकणांच्या सीमेवर पोखरतो, आणि एक दिवस भेग उघडते. उपाय मंद आचेचा: बेताने तापवले की ताण उतरतो. आपले तांबट भांडे ठोकताना मधूनमधून तापवून घेतात. ठोकलेला धातू ताठर होतो हे त्यांचे हात जाणतात.

हे ऐकताना आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या वाड्यात पागेवरच्या माळ्यावर जास्तीची पितळी भांडी ठेवण्याची रीत होती. थोरल्या आजींच्या काळी एका दिवाळीस अभ्यंगस्नानासाठी तेथून घंगाळ उतरवले, तर काठापासून खाली वीतभर तडा. भांडी घासणाऱ्या बाईवर आळ आला. तिने देवाशपथ सांगितले की आपल्या हातून ते पडले नाही. “भांडे का आपोआप फुटते?” हा आजींचा निवाडा झाला. महिन्याचा पगार अडकवून बाईस ऐन सणात काढून टाकले. पुढे नोकरमाणसे किती सहज खोटे बोलतात याचा दाखला म्हणून ही गोष्ट आमच्या घरात दोन पिढ्या हसत सांगितली गेली.

आम्ही ती जावईबापूंस सांगितली. त्यांनी एकच प्रश्न केला, “बाबा, घंगाळाला पोचा होता का? पडलेल्या भांड्याला पोचा येतो.”

परतल्यावर आम्ही घंगाळ खाली काढले. सर्वांगावर हात फिरवून पाहिला. तडा आहे, त्याच्या कडा काळपट आहेत. पोचा कोठेही नाही. ज्यांच्या घरी जुने पितळ आहे त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते की ते गोठा, न्हाणी आणि संडास यांच्या वाऱ्यापासून दूर ठेवावे, व अमोनियाचे पॉलिश लावू नये. त्या बाईचे नाव आज घरात कोणासही आठवत नाही. पगाराचे ते थोडे रुपये कोणाच्या हाती ठेवावेत, हेही ठाऊक नाही. घंगाळ आम्ही मोडीत दिलेले नाही. नातवंडांस ती गोष्ट आता आम्हीच सांगतो, आणि सांगताना त्यांचा हात धरून पितळेवरून फिरवतो.